दीड इंचाचा दमदमा : दिवाळीच्या किल्ल्याच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल बाप्पा गेले. आज मांडवाचे बांबू सोडायच्या आतच पोरांनी मला जिन्यात गाठलं. "काका, यंदा किल्ला कुठला?" दिवाळीला दीड महिना आहे, पण गेल्या वर्षी आम्ही आठ दिवस आधी जागे झालो आणि शिवनेरी म्हणून जे काही उभं राहिलं त्याला शेजारच्यांनी वारूळ म्हटलं होतं. ते कोणीच विसरलेलं नाही.

जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेल्यापासून सगळ्यांच्या तोंडी साल्हेर. त्या बारांत आपल्या नाशिक जिल्ह्यातला तो एकटाच, आणि राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. मी म्हटलं, साल्हेर करायचा तर सोसायटीचं सगळं पार्किंग लागेल. मग मोठीने (पुतणी, नववीत) गच्चीवरून रोज दिसतो तोच करू म्हणून सुचवलं. रामशेज. पेठ रोडला राहून आम्ही हवा स्वच्छ असली की तो बघतो आणि कपडे वाळत घालतो, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

धाकट्याची (भाचा, पाचवीत) अट एकच: "तो लाकडी टॉवर पण करायचा. मुघलांचा." शाळेत बाईंनी सांगितलेलं त्याला पक्कं आठवतंय, टॉवर किल्ल्याएवढा उंच होता.

मी नकाशे काढायचं काम करतो, इमारतींचे. त्यामुळे टॉवर माझ्याकडे. नोंदी ठेवायच्या असंही आजच ठरलं, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी वारूळ करणार नाही.

१० सप्टेंबर

जेवढं वाचून झालं तेवढं लिहून ठेवतो.

औरंगजेब मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत पोचला. लगेच एप्रिलमध्ये शहाबुद्दीन खान या सरदाराला नाशिककडे पाठवलं, रामशेज घ्यायला. नाशिकचं नाव तेव्हा मुघली कागदांत गुलशनाबाद. किल्ला लहान, शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर, भोवती बऱ्यापैकी मोकळं रान. बादशहाला वाटलं असणार, चार दिवसांचं काम. लागली पाच-साडेपाच वर्षं.

सुरुंग झाले, मोर्चे झाले, हल्ले झाले. संभाजी महाराजांनी मदतीला पाठवलेल्या रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांच्याशी शहाबुद्दीनची गाठ गणेशगावाजवळ पडली. किल्ला काही पडेना. मग खानाने लाकडाचा दमदमा उभारायला घेतला. गडाच्या आत नजर जाईल आणि मारा करता येईल, असा उंच लाकडी बुरूज. लोकांच्या तोंडी असलेला आकडा म्हणजे त्यावर ५०० माणसं आणि ५० तोफा.

दमदमा शब्द फारसी. वेढ्यात समोरच्याच्या तटावर मारा करायला जो उंचवटा रचतात तो दमदमा. बहुतेक वेळा मातीचा, पोत्यांचा. लाकडाचा सांगाडा आत. कोलकात्याचं डमडम (विमानतळाचं) याच शब्दावरून आलं असं मानतात. हे जेवताना सांगितलं तर धाकट्याने "मग विमानतळावर पण टॉवर आहेच की" म्हणून विषय संपवला.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी सहाला निघालो. पाच पोरं, दोन मोटारसायकली आणि शेजारच्यांची कार. आशेवाडीत चहा. पायथ्यापासून वर जायला पाऊण तास, पोरांना अर्धा.

वाटेत रामाचं देऊळ, कड्याच्या पोटात. आत गार. शेज म्हणजे अंथरूण. वनवासात रामाने इथे पाठ टेकली म्हणून रामशेज. पुजाऱ्यांनी पोरांच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि टाक्यात पाय घालू नका म्हणून दम दिला. वर खडकात कोरलेला दरवाजा, मग पठार, पाण्याची टाकी, देवीचं ठाणं, तटाचे उरलेसुरले दगड. सोनकी नुकती पिवळी झाली होती, तेरडा सगळीकडे.

मी मोजपट्टी नेली होती ती पिशवीतच राहिली. करायचं होतं ते एकच: कड्याच्या टोकाला उभं राहून खाली बघायचं आणि स्वतःला विचारायचं, टॉवर कुठे ठेवशील?

पहिल्या नजरेत उत्तर सोपं वाटलं. खाली सपाट रान आहे, तिथे. मग जाणवलं, खालच्या शेतातली माणसं मुंगीएवढी दिसत होती. तिथे साठ फुटांचा बुरूज उभा केला तर तोही मुंगीशेजारचा मुंगळा. त्यावर चढलेल्या माणसाला वर उभ्या असलेल्या माझी नुसती टोपी दिसेल. माझ्या मागे काय आहे ते दिसणार नाही.

हे मी पोरांना सांगितलं नाही. घरी जाऊन नकाशावर बघू म्हटलं.

समोर भोरगड. तो रामशेजहून उंच, आणि त्यावर आज हवाई दलाचं ठाणं आहे, आपल्याला तिकडे मज्जाव. मोठी म्हणाली, "म्हणजे टेहळणी अजून चालूच आहे." तिच्याकडून हे ऐकून मला जरा बरं वाटलं, एरवी ती किल्ल्यावर मोबाइलला रेंज शोधते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावलंय की गडाजवळ दुसरा डोंगर नसावा. असला तर सुरुंग लावून कमी करावा, ते शक्य नसेल तर तोही बांधून घ्यावा. रामशेजला शेजारी आहे, पण तोफेच्या गोळ्याने गाठावा इतका जवळ नाही. शेजाऱ्याने नुसतं बघत बसावं इतपत.

१६ सप्टेंबर

सर्व्हे ऑफ इंडियाचा ५०,००० प्रमाणाचा नकाशा उतरवून घेतला. समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर. पायथा ते माथा दहाच्या वर रेषा भरतात.

प्रमाण ठरलं १:५००. एक रेषा म्हणजे चार सेंटीमीटर. डोंगराची उंची दीड फुटाच्या आसपास येते, आणि सगळा किल्ला कोपऱ्यातल्या आठ बाय सहाच्या जागेत बसतो. रेषांप्रमाणे पुठ्ठे कापायचे (फ्रिजच्या दुकानातून खोकी आणली), मधे चार सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे, वरून गोणपाट आणि माती. थर्माकोल नको, त्यावर बंदी आहे आणि मातीही धरत नाही.

१९ सप्टेंबर

सहा थर रचून झाल्यावर मोठीने फोटोशी ताडून बघितलं. किल्ला उलटा. आरशात दिसावा तसा, डावं ते उजवीकडे. कार्बन पेपर मी उलटा घातला होता. वीस वर्षं नकाशे काढणारा माणूस! पोरं काही बोलली नाहीत. ते जास्त लागलं. थर उचलून पालथे केले तर चाललं, फक्त छापील बाजू वर आली. आता डोंगराच्या कड्यावर "हाताळताना काळजी घ्या" असं लिहिलेलं आहे. माती पडली की झाकेल.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

दुपारी सगळे आडवे झाल्यावर दमदम्याचा हिशेब मांडला.

माणूस नुसता उभा राहायचा तर चार चौरस फूट जागा धरू. ५०० माणसं म्हणजे २,००० चौरस फूट. तोफ, तिचा गाडा, मागे सरकायला जागा, बत्ती देणारा: लहानशी तोफ धरली तरी साठ चौरस फूट. ५० तोफांना ३,०००. एकूण ५,०००. तीन मजले केले तर एकेका मजल्याला १,६६७ चौरस फूट, म्हणजे बाजू जवळजवळ ४१ फूट.

४१ बाय ४१, तीन मजली. जुन्या नाशकातला एखादा ऐसपैस वाडा डोळ्यांपुढे आणा, त्याच्या भिंती काढा आणि तो उघड्या रानात नुसत्या खांबांवर उभा करा. त्यात ३० टन माणूस (साठ किलोंच्या हिशेबाने), वर तोफा, आणि प्रत्येक बार झाला की सगळ्याला बसणारा धक्का. माझ्या टेबलावर असा नकाशा आला असता तर मी सही केली नसती.

त्यामुळे माझं मत: ५०० आणि ५० हे एका वेळी एका दमदम्यावर चढलेले नाहीत. दमदम्याच्या कामाला लावलेली माणसं ५०० असतील, हे पटतं. खरं तर रानातून साग तोडणं, ओढून आणणं, तासणं, राखण करणं, एवढ्याला ५०० कमीच.

उंची मी साठ फूट धरली. त्याला पुरावा नाही, नुसता सुतारकीचा अंदाज. वीस-वीस फुटांचे तीन वासे एकावर एक जोडले की साठ. त्याहून वर कोणी स्वखुशीने चढलं असतं असं मला वाटत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस. दोन दिवस थांबलेलाच नाही. पुठ्ठे घरात आणून सोफ्यावर ठेवले, त्यामुळे घरात वेगळा वेढा सुरू आहे. आज काम शून्य.

एक मात्र सुचलं. वेढा एप्रिलमध्ये बसला म्हणजे दोन महिन्यांत पावसाळा. या पट्ट्यातला पाऊस, काळी माती, बैल पोटापर्यंत चिखलात. दोर भिजून सैल, बत्ती विझलेली, दारू ओली. असे एकामागून एक पावसाळे. आपण वेढा म्हटला की नेहमी ऊन आणि धूळ डोळ्यांपुढे आणतो.

२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा झाल्यावर सुतारमामांनी दमदम्याला हात घातला. मामा आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतात. जुने वाडे उतरवण्याची कामं त्यांनी आयुष्यभर केली, त्यामुळे त्यांच्याकडे जुन्या सागाच्या पट्ट्या ढिगाने. "दीडशे वर्षांचं लाकूड आहे, किल्ल्यावर घालवतोय," म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

१:५०० ला दमदमा किती होतो ते मी आधी सांगितलं नव्हतं. साठ फूट म्हणजे १.४४ इंच. दीड इंच म्हणू. तळ एक इंच बाय एक इंच. मामांनी पट्टीवर अंगठा ठेवला, माझ्याकडे बघितलं. "हे करायला मला बोलावलं? काडेपेटी पुरली असती."

धाकटा ऐकूनच रडवेला. डोंगर दीड फूट आणि टॉवर दीड इंच? "पण बाई म्हणाल्या किल्ल्याएवढा!"

तडजोड अशी: किल्ल्यासमोर खऱ्या प्रमाणातला दीड इंची, आणि बाजूच्या पाटावर १:५० चा मोठा, जवळजवळ साडेचौदा इंच उंच, सगळ्या जोडांसकट. मामांची कळी खुलली.

५ ऑक्टोबर, रविवार

मोठ्या दमदम्याचा सांगाडा उभा राहिला. पाच खांबांच्या पाच ओळी, पंचवीस खांब, सोळा खण. प्रत्येक खांब तीन तुकड्यांचा. म्हणजे खऱ्याला पंच्याहत्तर वासे, फक्त उभे. तुळया आणि कड्या वेगळ्या. मामांनी पहिला मजला चढवला, बोटाने ढकलला, आणि सगळं जिवंत असल्यासारखं डुललं.

"वाड्यात हे का डुलत नाही?" मी विचारलं.

"वाड्यात भिंत असते ना भाऊ. भिंत धरते. इथे कोण धरणार?" मग तिरक्या पट्ट्या टाकल्या, चारी बाजूंनी कैच्या. त्यानंतर मी पूर्ण तळव्याने दाबलं तरी हललं नाही. मामा म्हणाले, मुघलांच्या सुतारांना हे माहीत असणारच. पण एवढे सरळ वासे कुठून आणले असतील त्याची त्यांना जास्त काळजी. पेठ-सुरगाण्याकडचं रान त्या बाजूला आहेच. मी काही बोललो नाही.

लहान दमदम्याची गंमत वेगळीच. १:५०० ला साडेपाच फुटी माणूस तीन मिलिमीटरचा होतो. तिळाएवढा. धाकट्याने आजीच्या डब्यातून तीळ आणले आणि ५०० मोजले, दहा-दहाच्या ढिगाऱ्या करून. पाऊण तास लागला. मग तीन मजल्यांवर भरायला घेतले. तीनशेच्या पुढे गेल्यावर कडेने सांडायला लागले.

"बसत नाहीत काका."

"आडवे पडलेत. उभे केले तर बसतील."

"तीळ उभे कसे करू?"

बरोबर आहे. शेवटी त्याने ठरवलं की दोनशे जण जेवायला गेलेत.

९ ऑक्टोबर, रात्री

आज दोऱ्याचा प्रयोग केला. या सगळ्या खटाटोपातला मला सगळ्यात आवडलेला भाग, म्हणून नीट लिहितो.

दीड इंची दमदमा डोंगराच्या पायथ्याशी ठेवला. त्याच्या टोकाला दोरा चिकटवला. दुसरं टोक ताणून तटाच्या कडेला टेकवलं आणि तसंच सरळ पुढे ओढलं. दोरा पठाराच्या कितीतरी वरून आभाळात गेला. म्हणजे दमदम्यावरच्या पहारेकऱ्याला तटाची कड दिसते आणि तिच्या मागे ढग. आतली टाकी, घरं, माणसं यांतलं काही नाही. दमदमा मागे नेला तर दोरा जरा आडवा होतो, पण खाली झुकत कधीच नाही. आत बघायचं तर नजर खाली उतरायला हवी, म्हणजे टोक तटापेक्षा उंच हवं. पायथ्याला उभं राहून ते व्हायचं तर दमदमा डोंगराहून उंच लागेल. तसं लाकूड पृथ्वीवर नाही.

मग बाई चुकल्या का? धाकट्याचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, थांब, टॉवर वर नेऊन बघू.

आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. कडा, मग उतार, मग थोडी सपाटी, परत कडा. शेवटच्या कड्याखालच्या सपाटीवर दमदमा ठेवला, कड्यापासून दोन इंच लांब. आता कडा आणि तट मिळून समोर जेमतेम पाऊण इंच उरतो, दमदमा दीड इंच. दोरा तटावरून सरळ आत उतरला आणि पठारावर टेकला. दिसलं सगळं! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मोठी म्हणाली, "दोन इंच म्हणजे खरे किती?"

हजार इंच. ८३ फूट.

सगळे गप्प. एवढ्या अंतरावर धाकटा चिकू फेकून भिंतीवरचं मांजर उठवतो. वरून गोफण चालवणाऱ्याला तर नेम धरायचीही गरज नाही. आणि तिथपर्यंत पंच्याहत्तर वासे चढवायचे, उतारावर, वरून दगड येत असताना, दिवसच्या दिवस.

हीच या दमदम्याची गोची असणार. लांब ठेवला तर सुरक्षित आणि आंधळा. जवळ नेला तर दिसतं सगळं, पण त्यालाही सगळे बघतात. माझा तर्क असा की खान मधे कुठेतरी अडकला: तटावर डोकं वर काढणाऱ्याला टिपता येईल, रसद घेऊन चढणारी वाट नजरेत राहील, पण आतलं दिसणार नाही. पाच-साडेपाच वर्षं वेढा चालला आणि तरी गड जगला, म्हणजे रसदीची वाटही रात्री कोणाला दिसत नसणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

गडावरच्या तोफा. खाफीखान हा औरंगजेबाच्या बाजूने, पुढे कैक वर्षांनी लिहिणारा. त्यानेच नोंदवलंय की रामशेजवर लोखंडी तोफा नव्हत्या, गडकऱ्यांनी लाकूड पोखरून चामडं चढवून तोफा केल्या आणि एकेकीने दहा तोफांचं काम केलं. शत्रूच्या लेखणीतून आलंय म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

मामांना विचारलं, लाकडी तोफ फुटणार नाही? ते म्हणाले, नुसती असेल तर पहिल्या बारात चिरफळ्या. पण कच्चं चामडं ओलं असताना घट्ट गुंडाळलं आणि वाळू दिलं तर ते आवळत जातं, पट्टी मारल्यासारखं. मग उठून घरातून जुनी हलगी आणली आणि कातड्यावर टिचकी मारली. "हे बघ. शेकोटीजवळ धरली की बोलते. का? आवळते म्हणून." युरोपातही त्याच शतकात स्वीडनच्या सैन्याने तांब्याच्या नळीवर दोर आणि चामडं गुंडाळून हलक्या तोफा केल्या होत्या, ते मी सांगितलं. मामांना स्वीडनशी घेणंदेणं नव्हतं.

आम्ही पेन्सिलीच्या तुकड्यांवर जुन्या पाकिटाचं चामडं भिजवून गुंडाळलं. दहा तोफा. वाळत घातल्यात.

१५ ऑक्टोबर

माती पडली, गेरू झाला, आळीव पेरून पाच दिवस झाले, कोंब आलेत. आणि आज आजींनी खाली येऊन पाहणी केली.

"महाराज कुठेत?"

मी सांगितलं की हा वेढा शिवाजी महाराजांच्या निधनानंतरचा. गड संभाजी महाराजांच्या राज्यात लढला आणि ते स्वतः त्या वेळी गडावर नव्हते.

"दिवाळीचा किल्ला आणि महाराज नाहीत? मग तो किल्ला कशाचा रे, टेकाड झालं."

इतिहास एका बाजूला, आजी दुसऱ्या बाजूला. मोठीने मार्ग काढला: महाराजांचं सिंहासन किल्ल्यावर न ठेवता वरच्या कठड्यावर, सगळ्यांच्या मागे उंच. गडावरचे लोक ज्यांच्याकडे बघून लढले ते, असं. आजींनी हळदकुंकू वाहिलं. बाजारातले मावळे मात्र ठेवता आले नाहीत. तीन इंची मावळा आमच्या प्रमाणात सव्वाशे फूट उंच होतो. ते सगळे पाटावर, मोठ्या दमदम्याभोवती उभे केले. तिथेही ते साडेबारा फुटांचे, पण चालवून घेतलं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

किल्ला उघडला. संध्याकाळी बघायला गल्ली लोटली. पाटी मोठीने लिहिली, बोलायचं काम धाकट्याकडे. त्याची आवडती गोष्ट सापाची.

शहाबुद्दीन हटल्यावर बादशहाने आपला दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याला पाठवलं. खाफीखान लिहितो, कोकलताशाच्या छावणीतल्या एका मांत्रिकाने सांगितलं, शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, मी पुढे चालतो, भुतं वश करतो, तुम्ही मागून या. नाग केला. स्वारी निघाली. वरून गोफणीचा धोंडा आला तो नेमका मांत्रिकाच्या छातीत. नाग उडाला, मांत्रिक पडला, मागची फौज पळाली. धाकटा हे सांगताना स्वतः जमिनीवर पडतो. आज अकरा वेळा पडला. पँट धुवायला टाकली.

एका काकांनी विचारलं, शहाबुद्दीनचं पुढे काय झालं? हे मी वाचून ठेवलं होतं. तो मोठा झाला, गाजीउद्दीन फिरोजजंग म्हणून. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यातही त्याने दमदमे रचले, सुरुंग लावले. एका रात्री त्याची माणसं शिड्या लावून गुपचूप तट चढत होती, तर वर भटकं कुत्रं भुंकलं आणि सगळा डाव फसला. कुत्र्याला कुतुबशहाने सोन्याची साखळी घातली म्हणतात. सप्टेंबरात गोवळकोंडा पडला तो कोणीतरी आतून दार उघडल्यामुळे. पुढच्याच वर्षी विजापुरात प्लेगची साथ आली, त्यात फिरोजजंगाचे डोळे गेले. त्यानंतरही तो बरीच वर्षं सरदारकी करत होता.

त्याचा मुलगा म्हणजे पहिला निजाम. बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडला कोंडला तोच. (पालखेड म्हटल्यावर एक गृहस्थ "आमच्या धरणाजवळ!" म्हणून खूश झाले. ते पालखेड वैजापूरकडचं. त्यांना सांगताना मला वाईट वाटलं.)

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान उरकून खाली आलो तर किल्ल्यावर मांजर झोपलेलं. बरोबर पठाराच्या मध्यावर, आळिवात. तटबंदी दोन ठिकाणी ढासळली, एक चामडी तोफ गायब. दीड इंची दमदमा मात्र जागेवर. दोनशे तीळ अजून जेवायला गेलेले.

तट परत बांधला. काळा चहा घेतला, दूध संपलं होतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

कोकलताशालाही गड मिळाला नाही. निघताना त्याने, एवढा खर्च करून जमवलेलं ते लाकूड, दमदम्यासकट पेटवून दिलं. पुढे कासिमखान किरमाणी आला, त्यालाही जमलं नाही. अखेर गड गेला तो फितुरीने.

पोरांची मागणी पहिल्या दिवसापासूनची: भाऊबीजेला दमदमा जाळायचा. लहान नाही, मोठा. मी तीन आठवडे टाळत होतो, आज मामांनीच परवानगी दिली. पाटासकट अंगणात नेला. दोन बादल्या पाणी जवळ ठेवलं. धाकट्याने फुलबाजी लावली.

खालच्या कैचीला धरली. संपली. लाकूड जरासं काळं झालं. दुसरी लावली, मग तिसरी. धूर आला, वास आला, जाळ नाही. परवापासून हवेत ओल आहे, रात्री शिंतोडाही पडून गेला होता. कागद कोंबले. कागद जळाले, खांब उभे. मामा खुर्चीत बसून हसत होते. परवानगी का दिली ते तेव्हा कळलं.

"जुना साग आहे तो. असा फुलबाजीला नाही जळत. त्यांनी तरी कसा जाळला असेल? दोन-चार पावसाळे खाल्लेलं लाकूड. तेल ओतलं असणार, नाहीतर तूप. बरंच."

"किती?" धाकट्याने विचारलं.

पंच्याहत्तर वासे, वीस फुटी, वीतभर जाडीचे धर, मी म्हटलं. तो वही आणायला वर गेला. मामांनी दमदमा उचलला, काळी बाजू फडक्याने पुसली आणि घरात नेऊन त्यावर मनी प्लँटची कुंडी ठेवली.